मूळ गळती

मिस्त्रींनी आयुष्यात चुका केल्या नाहीत असं कुणी म्हणणार नाही. स्वतःच्या लग्नात त्यांनी सासऱ्यांना आचारी समजून, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणून चारचौघांत झापलं होतं. एकदा चष्मा कपाळावर ठेवून तीन दिवस शोधला आणि चौथ्या दिवशी नवा करून आणला. पण होडीच्या बाबतीत माणूस चोख. जुन्या, कुजलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या लाकडी होड्या लोक हातगाडीवर घालून त्यांच्या कारखान्यात आणायचे, आणि चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही होडीत पाण्याचा थेंब शिरला नव्हता.

तर अशा माणसाच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद आला: ‘सदर होडी गळत नसल्याने नामंजूर.’

हसू नका. मिस्त्रींना हसू आलं नव्हतं. त्यांनी तो कागद आधी बायकोला दाखवला, मग उजेडात धरून पाहिला, मग उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

झालं होतं असं, की पालिकेच्या मते गावातलं तळं थकलं होतं. कुणीतरी भाषणात तसं म्हणालं, बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि ठराव झाला की येत्या एक तारखेपासून तळ्याला दहा वर्षं विश्रांती. एक तारखेपर्यंत तळ्यावर फक्त जुन्या नोंदीतल्या लाकडी होड्या जाऊ शकतील. त्याही दुरुस्त करून, दोन दाखले घेऊन. पहिला दाखला होडी मूळची तीच आहे याचा, दुसरा होडी तरंगते याचा.

आणि महिना संपायला पंधरा दिवस असताना मास्तर आपल्या आईला आणि वडिलांच्या होडीला घेऊन कारखान्याच्या दारात उभे राहिले.

मास्तर म्हणजे गणिताचे, आता निवृत्त. त्यांच्या आईचं वय अठ्ठ्याऐंशी. सगळं गाव तिला काकू म्हणायचं, मिस्त्रीही म्हणायचे. काकू हातगाडीवर होडीच्या आत बसून आली होती. चालत का नाही आणलं, असं मिस्त्रीबाईंनी विचारलं तर मास्तर म्हणाले, “उतरायलाच तयार नाही.”

“मिस्त्री,” काकू आतूनच म्हणाली, “मला एकदा तळ्यावर जायचंय. ह्याच होडीतून. दुसरं काही मागत नाही मी कुणाकडे.”

“दहा वर्षांनी तळं उघडतंयच की,” मास्तर चेष्टेनं म्हणाले.

“तेव्हा तू जा,” काकू म्हणाली.

मिस्त्रींची स्वतःची आई अशीच काहीतरी एवढंसं मागून गेली होती, आणि आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं. त्यांनी होडीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, “काकू, महिना संपायच्या आत तुम्ही पाण्यावर असाल. माझा शब्द.”

आता या होडीची कीर्ती सांगायला हवी. ती बांधली होती मास्तरांच्या वडिलांनी, अण्णांनी. अण्णा जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांची होडी गावाच्या तोंडी अजून होती. काकूचं माहेर तळ्याच्या पलीकडच्या काठावर. लग्न झाल्यावर अण्णांनी बायकोला दर रविवारी माहेरी न्यायचं म्हणून ही होडी स्वतःच्या हातानं बांधली. दर रविवारी सगळं कुटुंब नटून-थटून निघायचं, आणि दर रविवारी होडी अर्ध्यावर गळायला लागायची. मग परत. शेकडो रविवार गेले, पलीकडे एकदाही पोचले नाहीत. गावात कुणाचं काम अर्धवट राहिलं, की लोक म्हणायचे, ‘झाली अण्णांची होडी.’ मास्तरांनी तर तीस वर्षं पोरांना गणित घातलं: ‘एका होडीत दर मिनिटास चार लिटर पाणी शिरते, मुलगा दर मिनिटास तीन लिटर उपसतो, तर...’ अण्णा रस्त्यानं जाताना पोरं खिडकीतून उत्तर ओरडायची.

“वडील माणूस म्हणून देवमाणूस,” मास्तर म्हणाले, “पण सुतार म्हणून... जाऊ दे.”

मिस्त्रींनी काम हातात घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं डोकं चक्रावलं. होडी अप्रतिम होती. टोकाजवळच्या दोन फळ्या कुजल्या होत्या, एक फासळी तडकली होती, एवढंच. बाकी सांधे असे बसवलेले, की त्यात पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. फळ्यांचा बाक, तळाचा उतार, खिळ्यांची ओळ, सगळं जिथल्या तिथे. मिस्त्री गुडघे टेकून होडीखाली शिरले ते तासभर बाहेर आलेच नाहीत.

“अहो, आहात ना?” बायकोनं विचारलं. मिस्त्रीबाईच सांध्यांत कापूस आणि राळ भरायच्या, त्यामुळे होडीतलं त्यांनाही कळायचं.

“अगं, हा माणूस माझ्यापेक्षा चांगला होता,” मिस्त्री खालूनच म्हणाले. आवाजात रागच जास्त होता.

“मग गळायची कशी?”

“तेच तर.”

दोन फळ्या बदलायच्या की नाही, इथपासून कार्यालयात खेटे सुरू झाले. कार्यालय तळ्याच्या काठाला, दोन खिडक्यांचं. पहिल्या खिडकीवर ‘मूळपणा, सकाळी दहा ते एक’, दुसरीवर ‘तरंगणे, दुपारी दोन ते पाच’. दोन्हीकडे साहेब एकच. सकाळी चष्मा लावायचे, दुपारी काढून ठेवायचे.

“कुजलेल्या फळ्या काढू का?” मिस्त्रींनी सकाळी विचारलं.

साहेबांनी बराच विचार केला. “होडी कधीची?”

“साठ-पासष्ट वर्षांची.”

“आणि कूज?”

“असेल पाच-सात वर्षांची.”

“म्हणजे कूज नवीन आहे. नवीन काही चालणार नाही. काढा.”

मिस्त्रींना माणूस शहाणा वाटला. वाटतो कधीकधी. त्यांनी फळ्या बदलल्या, तशाच जुन्या लाकडाच्या, फासळी सांधली, बाईंनी राळ भरली, आणि सहाव्या दिवशी होडी हातगाडीवर घालून कार्यालयाच्या अंगणात नेली. तिथे सिमेंटचा हौद होता. साहेबांनी होडी हौदात सोडायला लावली, खुर्ची मांडली, घड्याळ मांडीवर ठेवलं आणि अर्धा तास होडीच्या पोटात टक लावून बसले. तळ कोरडा ठणठणीत.

“वा!” मिस्त्री म्हणाले.

“वा काय वा?” साहेबांनी नोंदवही उघडली. “ही बघा जुनी नोंद. लांबी चौदा फूट. रंग हिरवा. विशेष खूण, गळते. तुमची गळत नाही. मग ही तीच होडी कशावरून?”

“अहो साहेब, दुरुस्त केलीय!”

“दुरुस्त करा, मी कुठे नाही म्हणतोय? पण खूण पुसू नका. उद्या एखाद्याच्या गालावर तीळ आहे अशी नोंद असली आणि माणूस तिळाशिवाय आला, तर मी काय करायचं?”

“आणि गळली तर दुपारी तुम्हीच दाखला देणार नाही!”

“दुपारी मी नसतो,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “दुपारी तरंगणेवाला असतो. फार कडक माणूस आहे. थेंब दिसला तरी परत पाठवतो.”

अशा रीतीनं तो कागद घरी आला. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. म्हणाले, मी होडी गळकी करून द्यायची? मी? त्यापेक्षा हात तोडून देतो. बाई म्हणाल्या, हात नंतर तोडा, आधी म्हातारीला शब्द दिलाय त्याचं बघा. त्यावर मिस्त्रींचा आवाज खाली आला. काकू रोज सकाळी मास्तरांच्या हाताला धरून कारखान्यात यायची, होडीजवळच्या स्टुलावर बसायची आणि एक शब्दही न विचारता परत जायची. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी मिस्त्रींनी मनाचा हिय्या केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सांध्यातला कापूस उपसून काढला. काढताना त्यांनी तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी होडी हौदात सोडली तर खरंच गळायला लागली, साहेब खूश होऊन पेन काढणार, तेवढ्यात गळायची थांबली. लाकूडच ते. पाणी प्यायलं, फुगलं, आणि सांधा आपला आपण मिटला.

“दमली वाटतं,” साहेब म्हणाले. “नामंजूर.”

मग दोन सांधे उघडले. तेही मिटले. चार उघडले, चारही मिटले. अण्णांनी फळ्या अशा काही बेताच्या तासल्या होत्या, की पाण्याचा स्पर्श झाला की एकमेकींना घट्ट बिलगायच्या. मिस्त्रींनी हात टेकले. चांगलं काम करताना त्यांना कधी एवढा घाम फुटला नव्हता. “अहो, तुम्हाला साधं वाईट काम जमत नाही,” बाई म्हणाल्या, “आणि लोक म्हणतात सुताराला सगळं येतं.”

नवव्या दिवशी त्यांनी गिरमिट घेतलं आणि डोळे मिटून होडीच्या तळाला चक्क भोक पाडलं. हौदात कारंजं उडालं. साहेब खुर्चीवरून उठले, वाकले, चष्मा पुसला, भोकात करंगळी घालून पाहिली.

“हे भोक नवीन आहे.”

“गळतंय ना पण!”

“गळतंय. पण ही तुमची गळती आहे. मला त्यांची हवी. मूळ गळती आणा.”

मिस्त्री हातगाडी ढकलत परत आले ते सरळ पाणी प्यायला गेले आणि दोन तांबे प्यायले. मग त्यांनी ते भोक बुजवलं, इतकं सुबक बुजवलं की दुसऱ्या दिवशी त्यांनाच सापडेना. महिना संपायला सहा दिवस राहिले होते.

“गळती कुठून होती ते त्या माणसांनाच विचारा ना,” बाई म्हणाल्या. “नऊ दिवस झाले, ज्यांची होडी त्यांना सोडून सगळ्या फळ्यांना विचारून झालं तुमचं.”

विचारलं. मास्तर एकदम फॉर्मात आले. खिशातून कागदच काढला. “बरोबर अर्ध्यावर. निघाल्यापासून तेवीस मिनिटांनी. एक-दोन मिनिटं इकडेतिकडे.”

“आणि अण्णा एकटे मासे धरायला जायचे तेव्हा?”

“तेव्हा नाही गळायची. त्यावरूनच तर मी सिद्ध केलं की आईच्या वजनानं तळाची फळी उघडत होती.”

“माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं,” काकू म्हणाली.

“आई, फळीला विचार तू.”

“काकू, तुम्ही सांगा,” मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले. “पाणी यायचं कुठून?”

काकूनं खिडकीबाहेर पाहिलं. “पाणी ना? खालून यायचं.” आणि मास्तरांना म्हणाली, “चल रे, मला पडायचंय जरा.”

ती दोघं गेल्यावर मिस्त्री ठोकळ्यांवर ठेवलेल्या होडीभोवती येरझाऱ्या घालायला लागले. बाईंनी चहा आणला. बसायला जागा नव्हती, सगळीकडे भुसा, म्हणून त्या कपबशी सांभाळत होडीत चढल्या आणि मधल्या बाकावर बसल्या. हीच काकूची जागा.

“अहो, या बाकाला मधे पाय कशाला दिलाय? बाक तर दोन्हीकडून कडांवर टेकलाय. माझ्या पोटऱ्यांना लागतोय.”

“असेल आधाराला.”

“कसला आधार? आणि याला वर मुठीसारखी गोल बोंडी काढलीय, बघा. बाकाच्या बाहेर आलीय. हात आपोआप जातोय तिच्यावर.”

“हलवू नकोस, मूळचं आहे ते!” मिस्त्री ओरडले, पण बाईंनी तोवर बोंडी धरून वर ओढली होती. जुना रंग कट्‌कन तुटला. बाकाचा पाय सबंधच्या सबंध वर आला, आणि होडीच्या तळात रुपयाएवढं गोल, गुळगुळीत, देखणं भोक दिसलं. त्यातून खालचा भुसा दिसत होता.

मिस्त्रींनी तो पाय हातात घेतला. तो पाय नव्हता, ते बूच होतं. टोकाला निमुळतं, भोकात असं बसणारं की रंग लावल्यावर सांधा कळायचाच नाही. होडी काठावर ओढली की आतलं पाणी काढून टाकायला असं बूच ठेवतात, त्यात नवल नाही. नवल त्याच्या उंचीचं होतं. मिस्त्रींनी रंग खरवडला. सगळ्यात खाली बोटभर जुनं बूच. त्यावर वीतभर लाकूड सांधलेलं. त्यावर आणखी वीतभर, वेगळ्या झाडाचं. आणि सगळ्यात वर बोंडी, ती अगदी अलीकडची, मुठीत भरेल अशी मऊ घासलेली. तिन्ही सांधे वेगवेगळ्या काळातले, आणि तिन्ही बघत राहावे असे.

“बूच लांब हवं होतं तर नवीन करायचं,” मिस्त्री पुटपुटले. “तीनदा जोड कशाला द्यायचा?”

“तुम्ही त्याचा विचार नंतर करा,” बाई म्हणाल्या. “मूळ गळती सापडली तुमची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी हौदात होडी सोडली आणि बूच उपटलं. पाणी असं जोरात आत आलं, की साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी भोकाचा काठ भिंगातून तपासला, रंगाचे थर मोजले आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा! काय गळतेय! याला म्हणतात मूळ गळती. नाहीतर हल्ली लोक काहीही गळवून आणतात.” दाखला मिळाला. दोन वाजता तेच साहेब चष्मा न लावता दुसऱ्या खिडकीतून बाहेर आले. मिस्त्रींनी बूच लावून ठेवलं होतं. तळ कोरडा. साहेबांनी तळावर हात फिरवला, हात रुमालाला पुसला, रुमाल पिळून पाहिला आणि दुसरा दाखला दिला.

“सकाळच्या दाखल्यात गळते असं लिहिलंय,” मिस्त्रींना राहवलं नाही.

“ते सकाळच्या माणसाचं काम. मी त्यांच्यात पडत नाही,” साहेब म्हणाले.

बुचाचं मिस्त्रींनी मास्तरांना सांगितलं नाही. ज्या गळतीवर माणसानं तीस वर्षं गणितं घातली ती गळती म्हणजे बूच, हे उभ्या उभ्या सांगायचं कसं? म्हटलं, एकदा काकूला पाण्यावर नेऊन आणू, मग निवांत सांगू.

महिना संपायला चार दिवस असताना होडी तळ्यात उतरली. वल्हं मिस्त्रींच्या हातात, मागच्या टोकाला. मधल्या बाकावर काकू, स्वच्छ धुतलेल्या पातळात, पाय जुळवून बसलेली. पुढच्या टोकाला मास्तर, मांडीवर उपसायचा डबा आणि हातात घड्याळ. होडी सुटली तशी काकूनं एक हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्याकडे बघून मिस्त्रींना वाटलं, झालं, सुटलो आपण शब्दातून. ते वल्हवत राहिले.

“वीस मिनिटं!” मास्तर पुढून ओरडले. “आणि थेंब नाही! आई, आज पोचतोय आपण. मी मामांकडे निरोप दिलाय. ते बघ, सगळे काठावर आलेत!”

पलीकडच्या काठावर खरंच बरीच माणसं उभी होती. मामा आता कुणीच उरले नव्हते, पण त्यांच्या सुना, नातसुना, पोरंटोरं, सगळी हात हलवत होती. काकूनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं सुख उतरून गेलं.

“एकवीस! बावीस! मिस्त्री, तुम्ही अण्णांचं नाव राखलंत! तेवीस!”

आणि मास्तरांच्या चपला भिजल्या.

“छे! छे छे छे!” मास्तर किंचाळले. “तेवीसच! अहो मिस्त्री, हे काय? सगळं बदललंत तरी गळतेच? अण्णा, अण्णा, काय बांधून ठेवलंत हे!” आणि त्यांनी पाठमोरं होऊन सपासप पाणी उपसायला सुरुवात केली. मिस्त्रींनी खाली पाहिलं. काकूचा उजवा हात बाकाच्या कडेला होता, आणि बोंडी वर आली होती.

काकूनं मान वळवून मिस्त्रींकडे पाहिलं. चोरी पकडल्यावर लहान पोर बघतं तसं. “घोट्यापर्यंत येऊ द्यायचं,” ती हळूच म्हणाली. “मग परत लावायचं. त्याच्या वर नाही. पोरांचे कपडे भिजतात.” आणि तिनं बूच लावलं.

मिस्त्रींनी होडी वळवली.

“काकू,” पुढे मास्तरांच्या डब्याचा खणखणाट चाललेला बघून ते हळूच म्हणाले, “माहेरी जायचं नव्हतं तुम्हाला?”

“कोण जाईल? सहा भाऊ माझे, सहा वहिन्या. मी आले की सहाच्या सहा आजारी पडायच्या. कुणाचं डोकं, कुणाची कंबर. तीस माणसांचा स्वयंपाक आणि भांडी. इथे सहा दिवस तेच, आणि रविवारी तिथे जाऊन परत तेच?” ती तळ्याकडे बघत होती. “इथे मधे आलं की कुणी हाक मारत नाही. दोन घटका नुसतं बसायला मिळतं. जन्मात तेवढंच बसलेय मी.”

“मग अण्णांना सांगायचं होतं.”

“कसं सांगू? मला माहेरी नेता यावं म्हणून त्या माणसानं वर्षभर खपून होडी बांधली. त्याला काय सांगू, मला माहेर नको म्हणून? कुठली बाई तोंडानं असं म्हणेल?” तिचा हात बोंडीवर गेला. “पहिल्यांदा केसांतल्या पिनेनं काढलं होतं बूच. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही बिचाऱ्यांना. लोक नावं ठेवायचे, हा पोरगा गणितं घालायचा, आणि हे आपले हसायचे. माझ्यामुळे झालं सगळं. ते माझ्या मनातून जात नाही, मिस्त्री.”

मिस्त्रींचं वल्हं थांबलं. आधी बोटभर बूच. मग ते वीतभर वाढवलं, कारण तिला वाकायला त्रास व्हायला लागला असेल. मग आणखी वीतभर. मग मुठीत मावेल अशी बोंडी, बोटं आखडल्यावर. बूच नवीन केलं असतं तर तिला संशय आला असता, म्हणून जोड.

“काकू, हे बूच असं उंच कसं झालं?” त्यांनी जपून विचारलं.

“लाकूडच ते. इतकी वर्षं पाण्यात राहिलं, वाढलं असेल,” काकू म्हणाली. “वाढतं ना लाकूड?”

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. लाकडाबद्दल गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलला नाही, जिभेला सवयच नाही. अण्णांनी जे जन्मभर सांगितलं नाही ते आपण सांगणारे कोण, असं त्यांना वाटलं.

“वाढतं,” मिस्त्री म्हणाले. “कधीकधी वाढतं.”

काठावर साहेब टोपी घालून टेबल मांडून बसले होते. टोपी घातली की ते तिसरेच असावेत, कारण त्यांनी कुणालाही ओळख दिली नाही. तळं बंद व्हायचं म्हणून प्रत्येक होडीची नोंद मिटवायची होती. मास्तर भिजल्या कपड्यांनी, चिडलेल्या तोंडानं उतरले. मिस्त्रींनी काकूला हात देऊन उतरवलं.

“एकच रकाना राहिलाय,” साहेब म्हणाले. “होडीचा उपयोग. नोंद केली तेव्हा मालकानं लिहिलाय तो वाचतो. आज पूर्ण झाला का, हो की नाही, एवढंच सांगा.” त्यांनी बोट ठेवून, अडखळत वाचलं. “उपयोग. पत्नीस दर रविवारी तळ्याच्या मध्यापर्यंत नेणे, व माहेरी न पोचवता परत आणणे.”

मास्तर पुढे आले, वही स्वतःकडे वळवली, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“अक्षर अण्णांचं आहे,” ते म्हणाले. “तारीख... आई, मी तेव्हा पाच वर्षांचा होतो.”

“हो की नाही?” साहेबांनी विचारलं.

काकू मिस्त्रींकडे वळली. “लाकूड वाढत नाही ना हो?”

“नाही काकू,” मिस्त्री म्हणाले. “जोड दिलेत. तीन वेळा.”

काकूनं पदर तोंडाला लावला आणि ती तिथेच, टेबलाला धरून, हमसून हमसून रडायला लागली. “एकदा तरी बोलायचं होतं हो,” ती म्हणत होती. “जन्मभर शेजारी बसून एकदा तरी बोलायचं होतं यांनी. मी बोलले असते मग.” मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि त्यांनाही काही दिसत नसावं, कारण हात अर्धा वेळ साहेबांच्या टेबलावरून फिरत होता.

साहेबांनी टोपी काढली. मग वाट पाहून, अगदी हळू आवाजात विचारलं, “काय लिहू?”

“हो लिहा,” काकू म्हणाली. तिनं डोळे पुसले, वळली, आणि कुणी हात द्यायच्या आत होडीत चढून आपल्या बाकावर जाऊन बसली. तळात अजून बोटभर पाणी होतं. “अजून उजेड आहे. चल रे.”

“आई, पलीकडे सगळे वाट बघतायत,” मास्तर म्हणाले.

“बघू दे.”

मास्तर काठावर क्षणभर उभे राहिले. मग पुढच्या टोकाला न जाता ते मागे, अण्णांच्या जागेवर जाऊन बसले आणि मिस्त्रींच्या हातातलं वल्हं मागून घेतलं. पासष्ट वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

“हे धरायचं कसं, ते दाखवा मला,” ते म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांचा उजवा हात जरा खाली सरकवला आणि होडी पाण्यात ढकलली.